एका पाण्यात तीन धुणी

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही नदीच्या पुलावरून जा, काठचे खडक दिसत नाहीत. गोधड्या, सतरंज्या, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, पेटीत वर्षभर घडी घालून ठेवलेली लुगडी, सगळं दगडांवर पसरलेलं असतं. घाटावर पैनगंगा आणि खडकपूर्णा, घाटाखाली नळगंगा, ज्ञानगंगा, वाण आणि पूर्णा. पाणी असेल तिथे बैलगाडी, ट्रॅक्टर, रिक्षा, मिळेल त्या वाहनातून घराघरांचं अंथरूण-पांघरूण नदीवर येतं. एका घराचं त्या दिवसाचं धुणं पंचवीस-तीस किलोंच्या घरात सहज जातं, आणि हे वजन कोरड्या कपड्यांचं.

त्याच घराचा साधा मंगळवार बघा. शाळेचे दोन गणवेश, एक शर्ट, एक पँट, एक साडी, परकर, टॉवेल. दोन-अडीच किलो. गणवेश उद्या सकाळी हवा असतो, म्हणून धुणं साठवूनही चालत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी धुण्याचं यंत्र विकत घेतलं जातं. खामगाव, चिखली, मलकापूर, कुठल्याही गावच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘घरात माणसं किती?’ चार-पाच म्हटलं की सात किंवा आठ किलोचं यंत्र पुढे येतं. ‘पाहुणे आले, चादरी निघाल्या तर छोटं पुरत नाही, वहिनी,’ हेही दुकानदार सांगतो, आणि ते खरं असतं. यंत्र घेतलं जातं मोठ्या धुण्याच्या हिशेबाने आणि चालतं ते लहान धुण्यावर. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस सात किलोच्या ड्रमात दोन किलो कपडे फिरतात. धुलाई यंत्राच्या अभियांत्रिकीची खरी परीक्षा इथे आहे, अर्ध्याहून कमी भरलेल्या ड्रमात. आणि जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे ही परीक्षा विजेपेक्षा पाण्याची जास्त आहे.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. चार माणसांच्या घराला २२० लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, संडास आणि धुणं. वरून कपडे टाकायचं पूर्ण स्वयंचलित यंत्र भरल्या पातळीवर चालवलं तर एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी घेऊ शकतं. म्हणजे घराचं निम्मं पाणी एका बटणात गेलं. समोरून दार उघडणारं यंत्र साधारण निम्म्यात भागवतं, आणि म्हणून ते काटकसरीचं मानलं जातं. पण ती काटकसर ड्रम भरलेला असताना आहे. रिकाम्या ड्रमाचा हिशेब वेगळा पडतो.

समोरून दार असलेल्या यंत्रात छिद्रांचा फिरता ड्रम एका बंद टबात बसवलेला असतो. पाणी टबाच्या तळाशी साठतं आणि ड्रमाचा खालचा भाग त्यात बुडतो. ड्रम आणि टब यांच्यामधल्या फटीतलं, तळाच्या खोलगट भागातलं, पंपाकडे जाणाऱ्या नळीतलं पाणी कपड्यांना नीट लागतही नाही. ते फक्त पातळी गाठण्यासाठी भरावं लागतं, कपडे सात किलो असोत की एक किलो. समजा एका यंत्रात असं ८ लिटर पाणी लागतं. एकदा धुणं आणि दोनदा विसळणं धरलं तर २४ लिटर त्या जागेतच गेले. कोरड्या कपड्याने पहिल्यांदा किलोमागे ३ लिटर पाणी धरलं आणि नंतरच्या दोन्ही विसळण्यांना २-२ लिटर लागले, तर सात किलोच्या धुण्याला एकूण ७३ लिटर लागतात. किलोला साडेदहा लिटरही नाहीत. दोन किलोच्या धुण्याला ३८ लिटर लागतात, म्हणजे किलोला १९ लिटर. यंत्राने कपड्यांचं वजन अगदी अचूक ओळखलं, पाणी अगदी मोजून घेतलं, तरीही लहान धुणं किलोमागे जवळजवळ दुप्पट महाग पडलं. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची चाल प्रत्येक यंत्रात अशीच असते.

दुकानात यंत्रावर चिकटवलेल्या तारांकित लेबलावर किलोमागे किती युनिट वीज आणि किती लिटर पाणी हे लिहिलेलं असतं. त्या ‘किलोमागे’ या शब्दाला अर्थ येतो तो किती किलो घातले यावर. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नव्या लेबलासाठी यंत्राची चाचणी पूर्ण, अर्ध्या आणि पाव भारावर घ्यायची असं ठरवलं. तिथल्या घरांतही लोक ड्रम भरत नाहीत हे त्यांनी मान्य केलं, आणि त्याबरोबर कंपन्यांना पाव भाराकडे लक्ष देणं भाग पडलं. ड्रम आणि टबामधली फट कमी करायची, तळ अरुंद करायचा, ड्रमातल्या पात्यांनी पाणी उचलून कपड्यांवर सोडायचं, तळातलं पाणी छोट्या पंपाने वर नेऊन फवाऱ्यासारखं मारत राहायचं. या साऱ्या युक्त्यांचा हेतू एकच, कपड्याला न लागणारं पाणी कमी करणं.

पण आधी यंत्राला कळायला हवं की आत किती कपडे आहेत. त्यासाठी आत तराजू नसतो. बहुतेक यंत्रं मोटारीकडूनच वजन काढून घेतात. पाणी सोडण्याआधी ड्रम थोडासा फिरवायचा, ठरावीक जोर लावल्यावर तो किती लवकर वेग घेतो ते बघायचं, जोर काढल्यावर किती वेळाने मंदावतो ते बघायचं. जड ड्रम हळू वेग घेतो आणि हळू थांबतो. त्यावरून पहिला अंदाज बांधला जातो. मग पाणी सोडलं की कपडे ते पितात आणि पातळी उतरते. यंत्र पुन्हा थोडं सोडतं, पुन्हा बघतं. पातळी स्थिर राहिली की कपड्यांचं पोट भरलं असं धरतं. ही पातळी मोजायची व्यवस्था साधी आणि सुंदर आहे. टबाच्या तळातून एक बारीक नळी वर जाते, पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, आणि वरचा पडदा तो दाब ओळखतो.

आपल्याकडे या व्यवस्थेला पहिला दणका बसतो तो आपल्या सवयीचा. कॉलर, बाह्या, पँटचे पाय आधी बादलीत भिजवून, ब्रशने घासून मग कपडे यंत्रात टाकायची पद्धत घरोघरी आहे. काळ्या मातीत काम करणाऱ्या घरात तिला पर्यायही नाही. पण भिजलेला कपडा कोरड्याच्या अडीच-तीनपट जड असतो. मोटारीला वाटतं, सहा किलो आले. ती त्या हिशेबाने पाणी मागते. पुढे पातळीचा अंदाज थोडीफार दुरुस्ती करू शकतो, पण वरून कपडे टाकायच्या अनेक यंत्रांत पहिला अंदाजच पाण्याची पातळी ठरवून टाकतो. अशा यंत्रावर पातळी हाताने निवडायचं बटण असेल तर ते वापरावं. दोन किलो ओल्या कपड्यांना सर्वांत खालची किंवा दुसरी पातळी पुरते.

अंदाजाने ठरवण्याचं हे गणित यंत्रात आलं त्याला एक इतिहास आहे. लोत्फी झादेह या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने १९६५ साली ‘फझी सेट’ची कल्पना मांडली. हो किंवा नाही यांच्या मधल्या पायऱ्यांचं गणित. ‘थोडे कपडे’, ‘बरेच कपडे’, ‘जरा जास्त मळलेले’ असे घरगुती शब्द आकड्यांत बसवायची सोय त्यातून झाली. १९९० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने या तर्कावर चालणारं धुलाई यंत्र बाजारात आणलं. ते कपड्यांचा भार बघायचं, प्रकाशाच्या झोताने पाण्याचा गढूळपणा बघायचं आणि वेळ ठरवायचं. नव्वदच्या दशकात ‘फझी लॉजिक’ हे शब्द आपल्याकडच्या जाहिरातींतही आले.

आणि तेच काम बुलढाण्याच्या घरांत कुणीतरी आधीपासून हाताने करत होतं, आजही करतं. सेमीवर.

दोन टबांचं अर्धस्वयंचलित यंत्र, ज्याला सगळे नुसतं ‘सेमी’ म्हणतात, त्याची जात जपानी आहे. फिरणाऱ्या चकतीचं, पल्सेटरचं यंत्र सान्यो कंपनीने १९५३ साली जपानात आणलं. पुढे त्याच्या शेजारी पिळायचा टब आला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टीव्हीच्या जाहिरातींमधून धुलाई यंत्र मध्यमवर्गाला माहीत झालं. त्या काळातल्या मोठ्या नावांपैकी व्हिडिओकॉनचा कारखाना बुलढाण्याहून फार लांब नव्हता, पैठण रस्त्यावर चितेगावला. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मराठवाड्यातला एक मोठा उद्योग बसला. आज महाराष्ट्रात पुण्याजवळ रांजणगावला धुलाई यंत्रं बनतात, गोव्यात वेर्ण्याला आयएफबीचा कारखाना आहे. पण छोट्या गावात आणि तालुक्याच्या ठिकाणी अजून ‘सेमी’ला मान आहे आणि तो नुसता स्वस्ताईमुळे नाही.

‘नळ आले!’ अशी हाक गल्लीत उठली की सेमी मोरीजवळ ओढलं जातं. त्याला नळाच्या जोराची गरज नसते. पूर्ण स्वयंचलित यंत्राच्या पुस्तिकेत साधारण ०.३ बारच्या आसपास किमान दाब मागितलेला असतो, म्हणजे यंत्राच्या वर तीन मीटर उंचीवर टाकी हवी. ज्या घरात पाणी जमिनीवरच्या ड्रमात आणि हौदात साठवलं जातं तिथे ते यंत्र पाणी ओढू शकत नाही. सेमीत बादलीने ओतता येतं. वीज गेली तर धुणं तिथेच थांबतं, आली की पुन्हा सुरू करता येतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, टबातलं पाणी कधी सोडायचं हे बाईच्या हातात असतं.

तिचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिल्या पाण्यात पांढरे कपडे, गणवेशाचे शर्ट, टोपी, धोतर. ते काढून शेजारच्या टबात पिळायला टाकायचे. त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत. मग शेतातले कपडे, पायपुसणी. पावडर मध्ये चिमूटभर वाढवायची. विसळायचं पाणी बादल्यांत, तेही स्वच्छ कपड्यांकडून मळक्या कपड्यांकडे सरकत जातं. शेवटचं गढूळ पाणी अंगणात किंवा संडासात. तीन भार, पण पाणी एकाच भाराचं. प्रत्येक भार किती आहे, किती मळला आहे, पाणी अजून किती काम करू शकेल, हे ती पाण्याच्या रंगावरून, फेसावरून, हाताला लागणाऱ्या बुळबुळीवरून ठरवते. झादेहचं गणित आणि मात्सुशिताचा प्रकाशझोत जे करतो ते, आणि त्याच्याही पुढचं. कारण यंत्र एका वेळी एकाच भाराचा विचार करतं. ती सगळ्या भारांचा मिळून विचार करते.

धुलाई यंत्र बनवणाऱ्यांनी गेली तीस वर्षं एका भारासाठी पाणी कमी करण्यात घालवली आणि त्यात मोठं यश मिळवलं. पण लहान भाराला जो ठरलेला खर्च लागतो, तळातले ते ८ लिटर, तो एका भारात बघितला तर टाळता येत नाही. एका भाराचं पाणी दुसऱ्याला दिलं तर तो खर्च वाटला जातो. दोन किलोचे तीन भार तीन वेळा नव्या पाण्याने धुतले तर आपल्या हिशेबात ११४ लिटर लागतात. सगळे कपडे एकत्र टाकले तर पांढऱ्याला रंग लागतो. क्रमाने एकाच पाण्यात धुतले तर यातलं बरंच पाणी वाचतं. स्वयंचलित यंत्राने आपल्या घरातून जे काढून घेतलं ते हे कौशल्य आहे. पंप सुरू झाला की चांगलं, जेमतेम वापरलेलं विसळणीचं पाणी गटारात जातं आणि पुढच्या भारासाठी टाकी पुन्हा उघडते.

मोठ्या उद्योगाने ही चूक केलेली नाही. हॉटेलं आणि रुग्णालयांसाठी कपडे धुणाऱ्या मोठ्या धुलाईगृहांत बोगद्यासारखी लांबलचक यंत्रं असतात. कपडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कप्प्याकप्प्यांतून सरकतात आणि पाणी उलट दिशेने. स्वच्छ पाणी शेवटच्या विसळणीत शिरतं, तिथून मागच्या कप्प्यात, तिथून आणखी मागे, आणि सर्वांत मळलेल्या कपड्यांना सर्वांत वापरलेलं पाणी मिळतं. एकेका ड्रमात धुण्यापेक्षा यात किलोमागे पाणी कितीतरी कमी लागतं. मोरीत बसलेल्या बाईची पद्धत आणि या बोगद्याची पद्धत तत्त्वाने एकच आहे. मोठ्या धुलाईगृहाचं काम एका अर्थाने सोपंही असतं. शेगावसारख्या गावात, जिथे भक्तनिवासांत आणि लॉजांत रोज हजारो माणसं उतरतात, तिथे धुणं बहुतेक एकाच जातीचं असतं, पांढऱ्या चादरी आणि अभ्रे. ड्रम भरेपर्यंत थांबता येतं. घराचं धुणं मिसळीचं असतं आणि थांबू शकत नाही.

परीट समाजाची भट्टीही अशीच क्रमाने चालायची. खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे मोठ्या भांड्यावर रचून वाफ द्यायची. गावभरचे कपडे एकत्र, म्हणून कुणाचा कुठला हे कळायला बिब्ब्याच्या चिकाने खूण घालायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात बिब्बा मुबलक. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा याच समाजातले. स्वच्छतेचं इतकं मोठं काम उभं करणारा माणूस कपडे धुणाऱ्या घरातून आला, याचा वऱ्हाडाला अभिमान आहे आणि असायला हवा.

पाण्याच्या प्रमाणाबद्दल इतकं बोललो, पण त्याच्या जातीबद्दल बोलल्याशिवाय बुलढाण्याचं धुणं कळत नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूच्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारट आणि जड आहे. मूत्रपिंडाच्या आजारांमुळे हा पट्टा बातम्यांत येतो, आणि तो त्रास एवढा मोठा आहे की त्याच्यापुढे कपड्यांचा प्रश्न कुणी मांडत नाही. तरी तो रोजचा आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, फेस येऊ देत नाही, राखाडी साका कपड्यावर बसवतं. मग पावडर वाढवली जाते. पावडर वाढली की विसळणं वाढतं, म्हणजे पुन्हा पाणी. यंत्रात गरम करायचा हीटर असेल तर त्यावर क्षार चढतात. मघाशी सांगितलेल्या बारीक नळीच्या तोंडाशी साका आणि पावडरीचा चिखल साठला की पातळीचा अंदाज चुकतो आणि यंत्र नको तितकं पाणी घेत राहतं. ड्रमाला मागून धरणारा ॲल्युमिनियमचा तीन हातांचा स्पायडर खारट आणि अल्कधर्मी पाण्यात झिजत जातो आणि एक दिवस पिळताना मोडतो. नेहमीच्या पाण्यात जे यंत्र दहा-बारा वर्षं काढेल ते इथे त्याच्या आधीच मेकॅनिकच्या हाताखाली येतं. महिन्या-दोन महिन्यांतून सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, घालून रिकामं यंत्र गरम पाण्यावर चालवलं तर क्षार बऱ्यापैकी सुटतात.

या दुखण्याचं औषध याच जिल्ह्यात घाटावर होतं, हे मला फार विलक्षण वाटतं. लोणारचं सरोवर. त्या पाण्यात सोडियम कार्बोनेट आहे, म्हणजे धुण्याचा सोडा. सोडा जड पाण्यातलं कॅल्शियम गाळात बसवतो आणि साबणाला मोकळं करतो. सोळाव्या शतकात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या भागाबद्दल लिहिताना काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ इथे मिळतात अशी नोंद केली आहे. पुढेही उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचे क्षार गोळा होत. आता सरोवर संरक्षित आहे आणि तेच योग्य आहे. साबणाशी जिल्ह्याचं नातं मात्र खामगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या साबण कारखान्यामुळे आजही चालू आहे. खारपाणपट्ट्यातल्या घराने पावडर वाढवण्याऐवजी किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा थोडासा मिसळावा. मात्र लोकरी आणि रेशमी कपड्यांत घालू नये.

आता पिळण्याकडे येऊ, कारण लहान धुण्याचा दुसरा घोटाळा तिथे आहे आणि तो पाण्याहून चमत्कारिक आहे. साधारण समज असा की जड भाराने यंत्र हादरतं. प्रत्यक्षात सर्वांत जास्त हादरतं ते एका कपड्याने.

पाव मीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांच्या खाली फिरला तर कपडे वर जाऊन खाली पडतात. हे आपटणं म्हणजेच समोरून दार असलेल्या यंत्राचं धुणं. त्याच्या वर वेग गेला की कपडे भिंतीला चिकटून राहतात. पिळण्याआधी यंत्र या सीमेच्या थोडं वर फिरून कपडे भिंतीवर सारखे पसरवायचा प्रयत्न करतं. सात किलो कपडे असतील तर इकडचं तिकडचं जमून जातं. एकच ओली सतरंजी किंवा एकच जाड टॉवेल असेल तर तो पसरणार कुठे? तो एका बाजूला बसतो. १२०० फेऱ्यांवर त्या ड्रमाच्या भिंतीवर गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर असतो. नुसता ३०० ग्रॅमचा फरक असेल तर तो १२० किलो वजनाइतक्या जोराने टबाला ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला वीस वेळा दिशा बदलते. म्हणूनच टबाला काँक्रीटची वजनं बांधलेली असतात, वर स्प्रिंगा, खाली शॉकअप असतात. वरून कपडे टाकायच्या यंत्रात ड्रमाच्या काठावर खाऱ्या द्रवाने भरलेली पोकळ कडी असते. ठरावीक वेगाच्या वर आतला द्रव जड बाजूच्या समोर जाऊन बसतो आणि तोल सावरतो. एवढं करूनही तोल जमला नाही तर यंत्र पुन्हा पाणी घेतं, कपडे पुन्हा फिरवतं, पुन्हा प्रयत्न करतं, आणि शेवटी दमून वेग कमी करतं किंवा थांबतं. म्हणजे एका सतरंजीपायी पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात आणि सतरंजी ओली ती ओलीच. त्यावर उपाय म्हणजे जोडीला दोन टॉवेल टाकणं. सेमीच्या ‘ड्रायर’मध्ये बाई कपडे हाताने गोल रचते, वरून झाकण दाबते. तोल जमवायचं काम तिथेही हातच करतो.

गोधडीचं दुखणं आणखी वेगळं. यंत्रावर सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या सुती कपड्यांचं वजन. पण ड्रम भरतो तो जागेने. सात किलोच्या ड्रमात साधारण ५५ ते ६० लिटर जागा असते. तीन किलोची गोधडी तो ड्रम गच्च भरून टाकते, हलायला जागा उरत नाही, आणि आतल्या थरांतली माती तशीच राहते. त्यामुळे घटाआधी गोधड्या नदीवर जातात ते निव्वळ जुन्या सवयीने जात नाहीत. त्यांच्यासाठी घरात यंत्रच नाही. तालुक्याच्या गावी पंधरा-वीस किलोच्या ड्रमांचं सार्वजनिक धुलाईघर असेल तर घराला पाच-सहा किलोचं छोटं यंत्र पुरेल. वर्षाच्या दोन आठवड्यांसाठी वर्षभर मोठा ड्रम फिरवायचा हा व्यवहार थांबवायचा हा सर्वांत सरळ मार्ग मला दिसतो. महिला बचत गटांनी पापड-मसाल्यांपलीकडे करण्यासारखा हा व्यवसाय आहे.

पण अगदी लहान भार काही वेळा टाळू नयेत असे असतात. पऱ्हाटीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे हे सर्वांत ठळक उदाहरण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आणि सारा विदर्भ हादरला. औषध कपड्यांत मुरतं आणि ते कपडे धुणाऱ्या बाईच्या हातापर्यंत येतं. शर्ट, पँट, डोक्याचा रुमाल, एकूण किलोभर कपडे. ते घरच्या धुण्यात मिसळू नयेत, वेगळे धुवावेत, नंतर यंत्र रिकामं एकदा चालवावं. त्यांचं पाणी कुठल्याच दुसऱ्या भाराला देऊ नये. काटकसरीचा सगळा हिशेब इथे बाजूला ठेवायचा. आजारी माणसाचे कपडे, बाळाची दुपटी, पाळीची कापडं, यांनाही वेगळं पाणी हवं. म्हणून एका किलोचं धुणं कमी पाण्यात नीट करणारं यंत्र ही चैन नाही.

भारांमध्ये पाणी वाटून घेणारं यंत्र पूर्वी होऊन गेलं आहे. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत काही यंत्रांना साबणाचं पाणी जपायची सोय असायची. धुऊन झाल्यावर पाणी शेजारच्या हौदात जायचं, गाळ खाली बसायचा, आणि पुढच्या भारासाठी यंत्र ते परत ओढून घ्यायचं. पाणी आणि साबण दोन्ही स्वस्त झाले तशी ती सोय मागे पडली. जपानमध्ये आजही अनेक यंत्रांबरोबर छोटा पंप आणि नळी मिळते. तिथे अंग आधी धुऊन मग गरम पाण्याच्या टबात बसतात, त्यामुळे ते पाणी बरंच स्वच्छ राहतं. यंत्र ते धुण्यासाठी ओढून घेतं आणि शेवटची विसळणी तेवढी नळाच्या पाण्याने करतं. हीच नळी बुलढाण्यातल्या जमिनीवरच्या ड्रमात सोडली तर नळाच्या जोराचा प्रश्नही मिटतो.

अडचणी खऱ्या आहेत. साठवलेलं पाणी रात्रभर राहिलं तर वास मारतं, टाकीच्या आत बुळबुळीत थर धरतो. कापसाचे तंतू पंपात अडकतात, त्यासाठी काढून धुता येईल अशी जाळी हवी. रंग सुटणारा कपडा आला तर ते पाणी पुढे जाऊ नये, आणि गढूळपणा बघणारा प्रकाशझोत तो ओळखू शकतो. घाटाखाली पाणी मुळातच क्षारांचं, दुसऱ्या भारापर्यंत त्यात आणखी भर पडते. यातलं काहीच अभियंत्याला न सुटणारं नाही. शेवटच्या विसळणीचं पाणी तेवढं चाळीस लिटरच्या टाकीत धरायचं, काही तासांत वापरलं नाही तर आपोआप संडासाच्या टाकीकडे सोडायचं, आणि ‘हे पाणी ठेवू नको’ असं एक बटण फवारणीच्या कपड्यांसाठी द्यायचं. एवढ्याने सुरुवात होईल. ब्रिटनमधल्या नवज्योत साहनी या अभियंत्याने २०१८ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून हाताने फिरवायचं ‘दिव्या’ नावाचं यंत्र तयार झालं. तमिळनाडूतल्या एका शेजारणीचं धुणं बघून त्याला ते सुचलं, नावही तिचंच. विजेविना, थोड्या पाण्यात, पाच किलो. बाईच्या रोजच्या कामाकडे नीट बघितलं तर काय घडू शकतं याचा तो पुरावा आहे.

शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, मलकापूर आणि चिखलीलाही अभियांत्रिकीचं शिक्षण मिळतं. या मुलांनी प्रकल्पासाठी लांबचे विषय शोधण्याआधी एक चाचणी बांधावी. प्रयोगशाळेच्या चाचणीत चादरी, अभ्रे आणि टॉवेल असतात. बुलढाण्याच्या चाचणीत पाणी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं घ्यावं आणि जमिनीवरच्या ड्रमातून द्यावं. पहिला भार पांढऱ्या गणवेशांचा, दीड किलो, कॉलर आधी घासलेली आणि ओली. दुसरा रंगीत, दोन किलो, त्यात एक साडी. तिसरा काळ्या मातीने भरलेले शेतातले कपडे आणि एक सतरंजी. तिन्ही भार एका पाठोपाठ, मध्ये एकदा वीज घालवून. मोजायचं ते तिन्हींचं मिळून पाणी, एकेका भाराचं नाही. आणि चौथा भार फवारणीचा शर्ट, पँट आणि रुमाल, वेगळ्या पाण्यात, जेमतेम एक किलो. हे सगळं किती लिटरमध्ये होतं, तो आकडा यंत्राच्या लेबलावर छापावा.